रात्रीचे ते तीन तास



कोजागरीला आपल्या समाजाच्या गच्चीवर दूध आटत असतं, तेव्हा मी एका कोपऱ्यात टेबल मांडून बसलेली असते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. टेबलावर बीपीचं मशीन, शेजारी वजनकाटा आणि एक जुनी वही. काका-काकू मंडळी हौसेनं रांग लावतात. तरुण मंडळी लांबूनच हात हलवतात आणि दुधाच्या पातेल्याकडे जातात.

मागच्या कोजागरीला माझा भाचा इंदूरहून आला होता. ताईचा धाकटा, वय 29, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. "मावशी, बोहनी मी करतो," असं म्हणत त्यानं चेष्टेत हात पुढे केला. मीही हसतच पट्टा बांधला. आकडा आला 152/98.

"तुझं मशीन खराब आहे."

"असेल. पाच मिनिटं गप्प बस, पाय जमिनीला टेकव, परत बघू."

परत पाहिलं तर 148/96. त्याच्यानंतर आलेल्या 71 वर्षांच्या आजोबांचं आलं 128/78. म्हणजे मशीन ठीक होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर, चांदण्यात पेले विसळत असताना, तो हळूच म्हणाला, "मावशी, तुला एक सांगू? आईला सांगू नकोस." आणि मग जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला पेला तसाच राहिला. दोन आठवड्यांपूर्वी रात्री दोन वाजता त्याच्या छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, घाम फुटला. आपल्याला हार्ट अटॅक आला असं त्याला वाटलं. एकटाच स्कूटर काढून तो जवळच्या एका दवाखान्यात गेला. ईसीजी नॉर्मल आला. "स्ट्रेस आहे, आराम करा," असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. पहाटे चारला खोलीवर आला आणि दहा वाजता ऑफिसात हजर झाला. कोणालाही काही बोलला नाही.

"अरे, मला का नाही फोन केलास?"

"तू घाबरली असतीस. आणि आईनं तर नोकरीच सोडायला लावली असती."

हे सगळं मी त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव घालायचं नाही, एवढी एकच अट त्यानं घातली. तो म्हणाला, "लिही. माझ्या ग्रुपमध्ये अजून चार जण असेच आहेत."

चोवीस तासांचा हिशोब

औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मी पेशंटला नेहमी एक काम सांगते. कालचा पूर्ण दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, मला सांगा. फ्रीगंजातल्या माझ्या दवाखान्यात गेली कित्येक वर्षं मी हेच करते. आजार बऱ्याचदा त्या हिशोबातच सापडतो.

भाच्याचा हिशोब असा होता. सकाळी 7 ला गजर, 7:30 पर्यंत लोळणं. 10 ते 7 ऑफिस. त्यात चार कॉफ्या, शेवटची संध्याकाळी 6 ला. रात्री 9:30 ते 11 अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. त्यानंतर जेवण, कधी खोलीवर, कधी मित्रांबरोबर थेट सराफ्यात. सराफा रात्रीच जागा असतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. मग 2 वाजेपर्यंत मोबाइल. झोप जेमतेम पाच तास. रविवारी मात्र दुपारी एकपर्यंत.

मी विचारलं, "अकराला काम संपतं. मग दोनपर्यंत का जागतोस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मावशी, दिवसभरात तेवढेच तीन तास माझे असतात."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी डॉक्टर आहे, मला पटकन म्हणता आलं असतं, 'मोबाइल बंद कर आणि झोप.' आपण सगळे मोठे लोक हेच म्हणतो. पण मोबाइल हा त्याचा खरा रोग नव्हता. दिवस पूर्ण दुसऱ्यांना दिल्यावर स्वतःसाठी काहीतरी उरावं, म्हणून तो झोपेतून वेळ काढत होता. झोप तक्रार करत नाही, म्हणून आपण तिथूनच उचलतो. ती हिशोब मागते तो बीपीच्या मशीनवर.

ताण म्हणजे नक्की काय होतं?

'स्ट्रेस' हा शब्द आज लहान मुलंही वापरतात. शरीराच्या संदर्भात तो रुजवला हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं. 1936 साली त्यांनी दाखवलं की थंडी, जखम, विष, अतिश्रम अशी कारणं कितीही वेगळी असली तरी शरीर एकाच ठरावीक पद्धतीनं उत्तर देतं. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. समोर साप आला तर हे सगळं उपयोगाचंच आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशीही थोडा ताण कामालाच येतो.

अडचण होते ती साप निघून गेल्यावर शरीर खाली उतरत नाही तेव्हा. उतरण्याची मुख्य वेळ आहे रात्र. कॉर्टिसोल पहाटेपासून चढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. गाढ झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या मानानं साधारण 10 ते 20 टक्के खाली येतो. रोजची ती एक सुट्टी असते, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना. माझा भाचा महिनोन्महिने ही सुट्टी अर्धीच घेत होता.

आणि शरीराला हे कोण सांगतं की आता रात्र झाली? आपल्या पेशींमध्येच घड्याळ आहे. ते कसं चालतं हे शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज थोडं पुढं-मागं सरकतं आणि त्याला रोज जुळवावं लागतं. जुळवणारा मुख्य हात उजेडाचा. सकाळच्या उन्हानं ते नीट लागतं, रात्री डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्यानं ते मागं पडतं.

रविवारी दुपारी एकपर्यंत झोपण्याचंही तेच. शरीराच्या दृष्टीनं तो दर शनिवारी रात्री जवळजवळ लंडनला जातो आणि सोमवारी सकाळी इंदूरला परत येतो. वर्षभर दर आठवड्याला असा प्रवास केला तर कोण थकणार नाही?

उज्जैन आणि वेळ

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली होती. सकाळी मी त्याला उठवलं आणि वेधशाळेत घेऊन गेले. "मावशी, शाळेच्या सहलीत पाहिलंय," अशी कुरकुर झाली. पण आला.

आपल्या गावाला वेळेचा मोठा वारसा आहे, हे आपण गावात राहून विसरतो. जुन्या भारतीय ज्योतिषगणितात उज्जैनवरून जाणारी रेषा ही मध्यरेषा धरली जायची, आज ग्रीनिचची धरतात तशी. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी इथं वेधशाळा बांधली. पुढे तिची पडझड झाली आणि 1923 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला.

सम्राट यंत्राच्या पायऱ्यांची सावली पाहून मी त्याला वेळ वाचायला लावली. त्यानं मोबाइल काढला. मोबाइल सावलीच्या पंधरा-एक मिनिटं पुढं होता.

"यंत्र चुकतंय," तो म्हणाला. काल मशीन, आज यंत्र!

चुकत कोणीच नव्हतं. आपल्या घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे, म्हणजे मिर्झापूरजवळची. उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबानं आपला सूर्य सरासरी 27 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. शिवाय पृथ्वीच्या चालीमुळे वर्षभरात त्यात कमी-जास्त होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा फरक दहा-एक मिनिटांवर येतो, फेब्रुवारीत चाळीसपर्यंत जातो.

मी त्याला म्हटलं, "बघ, मोबाइलची वेळ ही सगळ्या देशानं मिळून ठरवलेली सोय आहे. ती पाळायलाच हवी. पण तुझं शरीर या सावलीचं ऐकतं. इथल्या सूर्यात आणि घड्याळात वीस-तीस मिनिटांचा फरक, तो शरीर सहज पचवतं. तू मात्र अमेरिकेचा कॉल घेऊन, सराफ्यात जेवून, दोनला झोपून त्याच्यावर चार-पाच तासांचा फरक लादतोस."

परतताना महाकालच्या रस्त्यावर गर्दी होती. योगायोग असा की कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासूनच महाकालच्या काही आरत्यांच्या वेळा बदलतात. आपल्या मराठी पंचांगात ती आश्विन वद्य प्रतिपदा, इथल्या पंचांगात कार्तिक कृष्ण प्रतिपदा. थंडीत दिवस लहान होतो, म्हणून सकाळच्या आरत्या अर्धा तास उशिरा आणि संध्याकाळची आरती अर्धा तास लवकर. होळीनंतर पुन्हा उलट. पहाटे 4 ची भस्म आरती आणि रात्री 10:30 ची शयन आरती मात्र बारा महिने तिथंच असते. तुमची श्रद्धा असो वा नसो, या वेळापत्रकात एक व्यवहाराची गोष्ट आहे. दोन टोकं पक्की, मधलं ऋतूप्रमाणे. आणि ज्याला काळाचा स्वामी म्हणतात, त्यालासुद्धा रात्री निजवतात!

भाचा हसला. "म्हणजे मी साडेदहाला झोपू? माझा कॉलच अकराला संपतो."

"साडेदहाला नको. पण तुझीही दोन टोकं पक्की कर. मधलं आपण बघू."

आम्ही काय ठरवलं

पंधरा नियमांची यादी दिली तर कोणी एकही पाळत नाही, हा माझा अनुभव. म्हणून आधी दोनच गोष्टी ठरवल्या. उठणं 7 ला, रविवारीसुद्धा. फार तर 8. आणि रात्री 11:30 ला दिवा बंद. यात आधी उठण्याची वेळ पक्की करायची, झोपण्याची नव्हे. झोप हुकमानं येत नाही, पण उठणं आपल्या हातात असतं. आठ-दहा दिवस ठरल्या वेळी उठलं की रात्री झोप आपोआप अलीकडे सरकते.

उठल्यावर वीस मिनिटांच्या आत बाहेर पडायचं. गॅलरी चालेल, गच्ची उत्तम, रस्ता सगळ्यात छान. घरातल्या दिव्याचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण बाहेरचा सकाळचा उजेड, अगदी ढगाळ दिवशीसुद्धा, त्याच्या कित्येक पट असतो. उज्जैनमध्ये असलात तर कोठी रोडवर एक चक्कर मारा. ओळखीची निम्मी मंडळी तिथंच भेटतील, आणि गप्पा हेही औषधच आहे.

चहा-कॉफी बंद करायला मी सांगत नाही; आपल्या घरात ते कोणी ऐकणारही नाही. फक्त शेवटचा कप दुपारी 3 च्या आत. कॅफीन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी जागीच असते. आणि रात्रीच्या 'एका पेगनं झोप चांगली लागते' या समजाबद्दलही सांगते. झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती मोडते आणि सकाळी थकवा तसाच राहतो.

जेवणाचा प्रश्न कठीण होता. कॉलच्या आधी, साडेआठला जेवायचं ठरलं. त्यानं डबेवाल्या मावशींना वेळ बदलून मागितली, एवढाच उपद्व्याप. वरण-भात, एक भाजी, ज्वारीची भाकरी किंवा पोळी, ताक. सराफा आठवड्यातून एकदा, तोही शनिवारी. बीपी वाढलेलं असताना दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी असावं लागतं. माळव्यात राहून हे सोपं नाही. आपण पोह्यांवर शेव घालतो, भाजीत शेव घालतो, भाजी नसली तर शेवेचीच भाजी करतो! म्हणून शेव पूर्ण सोडायची नाही, पण बशीतली मूठ चिमटीवर आणायची. लोणचं-पापड रोज एकत्र नकोत.

व्यायामाचं माप जागतिक आरोग्य संघटनेनं सोपं करून ठेवलं आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं, दमछाक न होता पण श्वास वाढेल इतकं चालणं किंवा खेळणं. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, ते याच विचारानं की जागा लागत नाही, पैसा लागत नाही, आणि रोज होतं. जिमची फी भरून न जाणाऱ्यांनी अंथरुणाशेजारच्या सहा फुटांत बारा नमस्कार घालून बघावेत.

आणि शेवटी श्वास. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. आज आपण निवांतपणे 'प्राणायामाचे फायदे' बोलतो, त्यामागे अशा माणसांनी घेतलेली मापं आहेत. भाच्याला मी एकच प्रकार दिला. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं, कॉल संपल्यावर लगेच. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. यानं नाडी खाली येते आणि शरीराला 'साप गेला' हा निरोप पोचतो.

पण ते तीन तास?

हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण खरं औषध इथंच होतं. वरचं सगळं सांगून मी त्याचे ते तीन तास काढून घेतले असते आणि बदल्यात काही दिलं नसतं, तर तो आठ दिवसांत परत दोनला झोपू लागला असता. आणि त्यात त्याची चूक नसती.

म्हणून मी विचारलं, "त्या तीन तासांत तू काय करतोस, जे तुला खरंच आवडतं?" विचार करून म्हणाला, "खरं तर काहीच नाही. बोट फिरत राहतं." "मग आधी काय आवडायचं?" "बॅडमिंटन. कॉलेजात रोज खेळायचो."

मग आम्ही ते तीन तास दिवसात परत पेरले. सोमवार, बुधवार, शुक्रवार ऑफिस सुटल्यावर तासभर बॅडमिंटन. सकाळचा अर्धा तास फिरणं, कानात आवडीचं गाणं. रात्री कॉलनंतर अर्धा तास काहीही, पण फोन चार्जरला दुसऱ्या टोकाला. गजरासाठी शंभर-दीडशे रुपयांचं साधं घड्याळ. आणि एक गोष्ट त्यालाच करायची होती: साहेबाला विचारणं, की रोजचा कॉल रोज हवाच का?

यावर तो गप्प झाला. "मी मागं पडेन, मावशी. बाकीचे सगळे हजर असतात."

थांबलो तर मागं पडू, ही भीती मला तुमच्या पिढीत सगळ्यात जास्त दिसते. त्याला मी आपल्या शेजारची, देवासची गोष्ट सांगितली. कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयरोग झाल्यावर देवासला राहायला आले. तेव्हा ते पंचविशीचेही नव्हते आणि लहानपणापासून नावाजलेले गायक होते. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. पाचेक वर्षं! ज्याचं आयुष्यच गळ्यावर, त्यानं गप्प पडून राहायचं. औषधानं आणि भानुमतीताईंच्या शुश्रूषेनं ते बरे झाले. पण त्या अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकली, आणि पुढं त्यांच्या गाण्यात जे नवं आलं, त्यात त्या ऐकण्याचा मोठा वाटा होता. आजार चांगला असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. एवढंच, की सगळे धावत असताना थांबलेला माणूस दर वेळी मागंच राहतो असं नाही.

पुढे काय झालं

चमत्कार झाला नाही, आणि झाला असता तर मी तुम्हाला सांगताना बिचकले असते.

आधी आम्ही आठवडाभर घरी बीपी मोजलं. तुम्हीही मोजणार असाल तर पद्धत लक्षात ठेवा. अर्ध्या तासात चहा-सिगारेट नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. त्याची आली 144/93. मग रक्त, लघवी, किडनी, थायरॉइड सगळं तपासलं. तरुण वयात बीपी चढलं की 'ताणच असेल' असं म्हणून सोडून द्यायचं नसतं. आत दुसरं कारण नाही ना, हे पाहावंच लागतं. त्याचं सगळं ठीक निघालं. मी त्याला तीन महिने दिले आणि बजावलं, की नाही उतरलं तर गोळी घ्यायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

पहिले दोन आठवडे त्याला वाईट गेले. अकराला पडायचा आणि छताकडे बघत राहायचा. तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागली. डिसेंबरात लग्नसराईत सगळं विस्कटलं. जानेवारीत परत सुरू केलं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला तेव्हा आठवड्याची सरासरी होती 133/84. अजून काठावरच आहे. छातीतली धडधड एकदाच परत आली, आणि त्या वेळी त्यानं रात्री पावणेदोनला मला फोन केला. त्या फोनचा मला झालेला आनंद मी कोणत्याही आकड्यात सांगू शकत नाही.

साहेबाला त्यानं विचारलं. रोजचा कॉल आठवड्यातून तीन दिवसांवर आला. "इतकं सोपं होतं, मावशी, मी दोन वर्षं विचारलंच नव्हतं." सगळ्यांचे साहेब असे नसतात, हेही मला माहीत आहे. काही नोकऱ्याच माणूस पिळून काढतात. तिथं नुसतं लवकर उठून आणि श्वास मोजून काही होत नाही. तिथं नोकरीबद्दलच विचार करावा लागतो. पण तो विचारसुद्धा झोप झालेल्या डोक्यानं केलेला बरा.

आईलाही त्यानंच सांगितलं. ताई रडली, मग रागावली, मग दुसऱ्या दिवशी मेथीचे लाडू घेऊन इंदूरला गेली. नोकरी सोडायला काही तिनं सांगितलं नाही.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. मुलं तुम्हाला घाबरत नाहीत, तुमच्या घाबरण्याला घाबरतात. "जेवलास का?" याच्या जोडीला कधी "झोप झाली का?" असंही विचारा. आणि उत्तर आल्यावर उपदेश करायच्या आधी दोन मिनिटं गप्प बसा.

आणि तरुण मंडळींनो, दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे, तिथं आपल्या भाषेतही बोलता येतं. आणि छातीत दुखणं, धाप, चक्कर असं काही झालं तर 'टेन्शन असेल' असं स्वतःच ठरवू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. स्कूटर काढून एकटं तर मुळीच जाऊ नका. शेजाऱ्याला उठवा. शिव्या देईल, पण येईल.

या महिन्यापुरतं एकच काम देते. एका कागदावर कालचे चोवीस तास लिहा. त्यातले तुमचे स्वतःचे किती, आणि ते कुठून उचलले आहेत, त्याखाली रेघ मारा. बाकीचं मग आपण बोलूच. पुढच्या कोजागरीला माझं टेबल त्याच कोपऱ्यात असेल. दुधाच्या पातेल्याकडे जाताना या वेळी लांबून हात हलवू नका, तो हात माझ्याकडे द्या.